कुंभमेळ्याच्या भरवशावर फ्लॅट घेऊ नका

प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशिकचे, बत्तीस वर्षांचे आहेत, अंबडच्या एका कंपनीत नोकरीला. इंदिरानगरला वडिलांचं घर आहे, त्यामुळे राहायची चिंता नाही. हातात १२ लाख साठलेत. पाथर्डी फाट्याजवळ नवा टू बीएचके ४५ लाखांत मिळतोय, एजंट म्हणतो कुंभमेळ्याच्या आधी घेऊन टाका, नंतर हा भाव दिसायचा नाही. एक मित्र म्हणतो फ्लॅट नको, आडगावच्या पुढे दोन गुंठ्यांचा प्लॉट घे. येत्या रविवारी एजंटला टोकन द्यायचं ठरलंय. काय करावं?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं कोणत्या बाजूने येतंय ते कळेल. मी एजंट नाही, बिल्डरही नाही. सिव्हिल इंजिनिअर आहे आणि गेली बावीस वर्षं बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतो. तुमचं कर्ज मंजूर व्हायच्या आधी टेप घेऊन जो माणूस फ्लॅटमध्ये येतो, बाथरूमचा नळ सोडून बघतो, गच्चीवर जाऊन येतो आणि तुमच्याशी फारसं बोलत नाही, तो मी. इथे जरा बोलतो.

पहिला मुद्दा, ४५ लाखांचा फ्लॅट ४५ लाखांना पडत नाही. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं धरून ६ टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. फक्त महिलेच्या नावावर खरेदी असेल तर मुद्रांकात १ टक्का सूट मिळते. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती सूट गेली. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर वर जीएसटी: ४५ लाखांपर्यंतचा आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र) आतला असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. कंप्लीशन, म्हणजे महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला, मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही. वकील, सर्च रिपोर्ट, बँकेची प्रोसेसिंग फी मिळून ५० हजार धरा. बिल्डर मेंटेनन्स डिपॉझिट, वीज मीटर, ‘लीगल’ अशा नावांनी दीडेक लाख मागेल. भाडेकरूला दाखवण्याजोगं करायला किचन ट्रॉली, गीझर, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या यात दोन लाख जातात. बेरीज साधारण ५२ लाख.

यात बँक देणार किती? ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३६ लाख. मुद्रांक आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. उरलेले १६ लाख खिशातून. तुमच्याकडे १२ आहेत. कमी पडणारे ४ लाख पर्सनल लोनने काढायचा विचार डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडा. गुंतवणुकीच्या घराचं डाउन पेमेंट कर्जातून करणाऱ्यांच्या फायली मी जप्तीच्या व्हॅल्युएशनला दुसऱ्यांदा पाहिल्या आहेत.

आता भाडं. त्या भागात असा फ्लॅट १४ हजारांना गेला असं समजू. वर्षातला एक महिना रिकामा जातोच, म्हणून अकरा महिन्यांचे १ लाख ५४ हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी, नळदुरुस्ती वजा केली की हातात १ लाख २० हजार राहतात. ५२ लाखांवर हे सव्वादोन-अडीच टक्के झाले. उलट बाजूला ३६ लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, ३१ हजार २०० च्या आसपास. महिन्याला सतराएक हजार पगारातून घालावे लागणार, तेही भाडेकरू असेल तेव्हा. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ३ लाख. निव्वळ भाडं वजा जाता १ लाख ८० हजार कमी पडतात, आणि तुमचे १६ लाख एफडीत असते तर लाखभर व्याज आलं असतं तेही गेलं. म्हणजे फ्लॅटची किंमत दरवर्षी साडेसहा टक्क्यांनी वाढली तर तुम्ही फक्त जागेवर राहता. सुरुवातीला किमतीच्या वर घातलेले ७ लाख भरून निघायचे ते वेगळेच.

हा हिशोब मी कुणालाही घर न घेण्यासाठी सांगत नाही. स्वतः राहायला घर घेताना तो असा करूच नये, कारण डोक्यावरच्या छपराला टक्केवारी नसते. पण ‘गुंतवणूक’ हा शब्द तुम्ही वापरलात, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

किंमत वर्षाला साडेसहा टक्क्यांनी वाढेल का? इथेच एजंट कुंभमेळा काढतो. २०१५ च्या आधी हेच बोलणं मी ऐकलंय, शब्दही फार बदललेले नाहीत. रस्ते झाले, पूल झाले, घाट झाले, हे खरं. पण साधू तपोवनात उतरतात आणि पर्वणी संपली की निघून जातात, कुणी अकरा महिन्यांचा करार करत नाही. २०१५ नंतर काय झालं ते आठवा: नोटाबंदी, रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), जीएसटी, आणि खास आपल्या नाशिकचं कपाट प्रकरण, ते पुढे सांगतो. माझ्या फायलींत अशा कितीतरी इमारती आहेत ज्यांचा चौरस फुटाचा दर चार-पाच वर्षं जागचा हलला नाही. मेट्रो निओचंही, म्हणजे नाशिकसाठी जाहीर झालेल्या रबरी टायरवरच्या मेट्रोचंही तेच. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, त्या महिन्यात द्वारका-गंगापूर रोडच्या जाहिरातींत मेट्रोची चित्रं आली. चित्रंच राहिली. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या नावाने नाशिकरोड-सिन्नर पट्ट्यात किती जमिनी फिरल्या! समृद्धी महामार्ग मात्र खरोखर झाला, २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला. पण तो सिन्नर-इगतपुरी तालुक्यांतून जातो, तुमच्या पाथर्डी फाट्याच्या टू बीएचकेखालून नाही. जाहीर झालेल्या प्रकल्पाचा भाव विकणाऱ्याने आधीच लावलेला असतो. तुम्ही तो रोख मोजता, आणि प्रकल्प आला नाही तर परत मागायला जागा नाही.

म्हणून मी नव्या माणसाला एकच गोष्ट विचारायला सांगतो: आज, या आठवड्यात, हे घर भाड्याने कोण घेईल? नाव नको, पण माणूस डोळ्यांसमोर आला पाहिजे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतला सुपरवायझर, अमृतधामकडे इंजिनिअरिंगला आलेली जळगाव-धुळ्याची चार पोरं, म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाच्या कामाने बदलून आलेला अधिकारी. असा माणूस डोळ्यांसमोर येत असेल तर जागा बरी. ‘पुढे इथे खूप होणार आहे’ एवढंच येत असेल तर थांबा. एक सोपी युक्ती: रात्री आठ-साडेआठला इमारतीसमोर गाडी लावा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. चाळीस फ्लॅटपैकी अकरात दिवे असतील तर बाकीचे एकोणतीस मालक तुमच्यासारखेच गुंतवणूकदार आहेत. भाडेकरू शोधतानाही तेच तुमचे स्पर्धक, आणि पुढे विकतानाही.

माझ्या मते, आणि इथे माझे व्यवसायबंधू माझ्याशी भांडतात, गुंतवणुकीसाठी नव्या टॉवरमधल्या फ्लॅटपेक्षा मधल्या वस्तीतल्या छोट्या इमारतीतला पंधरा-वीस वर्षं जुना वन बीएचके बरा. कारण समजून घ्या. फ्लॅटच्या किमतीत दोन गोष्टी असतात: बांधकाम आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा. बांधकाम दरवर्षी जुनं होतं. व्हॅल्युएशनला आम्ही आरसीसी इमारतीचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतो आणि घसारा काढत जातो. महाग होते ती जमीन. सहाशे चौरस मीटर प्लॉटवर दहा फ्लॅट असतील तर तुमच्या वाट्याला सरासरी साठ मीटर जमीन येते. तीन हजार मीटरवर शंभर फ्लॅटचा टॉवर असेल तर तीस. टॉवरमध्ये जिम, क्लब हाऊस, दोन लिफ्ट आणि दिव्यांची कमान मिळते, आणि या सगळ्याचा मेंटेनन्स तुमच्या भाड्यातून जातो. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन झालेलं असतं आणि प्रत्येकाच्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये जमिनीतला हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तो आकडा वाचा. एजंटला विचारलंत तर तो टाइल्स दाखवेल.

जुन्या फ्लॅटला मात्र दोन दुखणी असतात. एक गळती, त्यासाठी जुलैत जाऊन वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचा स्लॅब बघा, आणि रंग नुकताच दिलेला असेल तर जास्तच बघा. दुसरं कंप्लीशन. कपाट प्रकरणाचा वर उल्लेख केला, नाशिकबाहेरच्यांसाठी आणि नव्यांसाठी सांगतो. कपाटासाठी म्हणून चटई क्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर बांधायची मुभा असलेल्या एकूण क्षेत्रात, न मोजलेली जागा बिल्डरांनी खोलीत मिसळून विकली. महापालिकेने पुढे ती मोजली तेव्हा बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त भरलं आणि शेकडो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. लोक राहत होते, हप्ते भरत होते, पण कागदावर इमारत पूर्णच नव्हती. पुढे नियमांतून वाटा निघाल्या, काही सुटल्या, काही रेंगाळल्या. म्हणून रिसेल बघताना पहिला प्रश्न: कंप्लीशनची प्रत दाखवा. ‘आहे हो, असोसिएशनकडे आहे’ हे उत्तर नाही. मंजूर नकाशाची प्रत घेऊन खोल्यांशी ताडून बघा; बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असेल तर मी माझ्या रिपोर्टात तसं लिहितो आणि बँक तेवढं क्षेत्र वजा करते. तुम्ही पैसे मात्र पूर्ण क्षेत्राचे दिलेले असतात.

क्षेत्राची आणखी एक गंमत. रेरा १ मे २०१७ पासून लागू झाला, विक्री कार्पेटवर करायची असं ठरलं, तरी साइट ऑफिसात आजही ‘साडेनऊशेचा टू बीएचके’ असंच बोलतात. ते साडेनऊशे म्हणजे कार्पेटला कशाने तरी गुणून आलेला आकडा. तुम्ही कार्पेट विचारा आणि एकूण किंमत त्याने भागा. दोन प्रकल्पांची तुलना फक्त त्याच दराने होते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला की ताबा देण्याची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट बुक झाले, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, हे दिसतं. बुकिंगचा आकडा एजंटच्या ‘फक्त दोनच उरलेत’शी ताडून बघायला मजा येते. आणि लक्षात ठेवा, नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. पाचशे मीटरपर्यंतच्या प्लॉटला किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला मात्र रेरा नोंदणी लागत नाही. तिथे वकिलाचाच आधार.

वकील तुमचा असावा, बिल्डरने सुचवलेला नसावा. तीस वर्षांचा सर्च, सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, आधीच्या खरेदीचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचे उतारे). सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बरंच काही दडलेलं असतं: कुळाचं नाव, विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बहिणीचा हक्क. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असं लिहिलं असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. त्र्यंबक रस्ता, दिंडोरी, इगतपुरी या बाजूंना आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘फार्म हाऊस प्लॉट’च्या जाहिरातींत ही ओळ सहसा नसते. देवळाली आणि गांधीनगरच्या लष्करी हद्दीलगतच्या बांधकामांवरही निर्बंध आहेत, तिथे एनओसी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मित्राच्या दोन गुंठ्यांबद्दल. याचं उत्तर मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय. २००६ साली आम्ही अकरा जणांनी मिळून आडगावच्या पुढे वीस गुंठे घेतले. माझी वडिलोपार्जित शेती होती, शेतकरी म्हणून खरेदी करता आली. इतरांचंही तसंच काहीतरी जमवलं. चुन्याने आखलेले प्लॉट, मधोमध वीस फुटांचा ‘रस्ता’, नारळ फोडला, पेढे वाटले. सातबाऱ्यावर अकरा नावं सामायिक लागली. तो रस्ता कुठल्याच कागदावर नव्हता. अकरांपैकी दोघे वारले, वारस लागले, एक जण परदेशात आहे, एकाने आपला हिस्सा परस्पर नोटरीवर विकला. आज त्या जमिनीचा कागदावरचा भाव ऐकून बायको खूश होते, पण तिथे मला घर बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही आणि माझा हिस्सा घेणारा त्याच दहा जणांच्या बाहेर सापडत नाही. व्हॅल्युएशन करणाऱ्या माणसाची ही कथा आहे, लक्षात घ्या! प्लॉट घ्यायचाच तर बिनशेती झालेला, मंजूर लेआउटमधला, स्वतंत्र उतारा असलेला, आणि रस्ता नकाशात दिसणारा. तो दोन गुंठ्यांचा ‘स्वस्त’ प्लॉट राहणार नाही हे मान्य. स्वस्त का आहे ते मात्र मग कळेल.

पाण्याचं. आपण गोदावरीला गंगा म्हणतो आणि गंगेला पूर आला की नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतो. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते कुठवर गेलं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना समजावावं लागत नाही. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदाची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही; निळ्या आणि लालमध्ये जोतं पूरपातळीच्या वर घेण्याच्या अटीवर. नुसती गोदावरी बघू नका, नासर्डी, वाघाडी आणि वालदेवीच्याही पूररेषा आहेत, आणि ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकलेले काही फ्लॅट नासर्डीच्या नाल्यावरचे आहेत. उलट टोकाला उन्हाळा: शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा. चहा पाजून विचारलंत तर बोअर किती फुटांवर आटला तेही सांगेल. नव्या इमारतीत महापालिकेचं नळजोडणीचं कागदपत्र बघा; ‘लाइन टाकलीय’ म्हणजे पाणी आलं असं नाही.

रोखीचा भाग कुणी मागितला तर नाही म्हणा. २० हजार किंवा त्यावर रोख देणं-घेणं स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात कायद्याने बंद आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. शिवाय रोख दिलेल्या रकमेवर बँक कर्ज देत नाही, आणि पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कमी दिसून नफ्यावरचा कर वाढतो. सध्या दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा फायदा न देता. मुद्रांक करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारी) दरावर, जास्त असेल त्यावर लागतो, त्यामुळे किंमत कमी दाखवून फार काही वाचतही नाही. (ज्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे स्टॅम्प पेपर छापले, त्या गावात आता सगळं ई-चलनाने भरायचं, हा काळाचा महिमा.) ५० लाख किंवा त्यापुढचा व्यवहार असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर) कापून भरणं तुमची जबाबदारी, विकणाऱ्याची नाही. भाड्याचा करार नोंदवाच, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि खर्च फार नाही.

तर तुमच्या प्रश्नावर. तुमच्या जागी मी असतो तर पाथर्डी फाट्याचा ४५ लाखांचा फ्लॅट आत्ता घेतला नसता, कारण १२ लाखांत तो बसत नाही. २५ ते ३० लाखांतला, कंप्लीशन असलेला, भाडेकरू आधीच राहत असलेला रिसेल वन बीएचके शोधला असता: सिडको, इंदिरानगर, उपनगर, जेल रोड या पट्ट्यांत. वडिलांचं घर इंदिरानगरला आहे, म्हणजे तो भाग तुम्हाला गल्लीबोळासकट माहीत आहे. हे भांडवल कुठल्याही एजंटकडे नाही. हप्ता वजा भाडं करून महिन्याला आठ-दहा हजारांच्या वर खिशातून जात असेल तर तोही सोडला असता. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही केली नसती. अंबडमध्ये ले-ऑफ येतात तेव्हा मालकाची नोकरी आणि भाडेकरूची नोकरी एकाच महिन्यात जाते, हे मी एकदा नाही, दोनदा पाहिलंय.

रविवारी जा, पण चेकबुक घरी ठेवा. एजंटकडून कंप्लीशन, मंजूर नकाशा, सातबारा आणि महारेरा नंबर एवढ्याच्या झेरॉक्स मागा आणि सोमवारी वकिलाकडे द्या. ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ असं म्हणाला तर येऊ द्या.